पुळणीवरचे ऊन, बर्फावरचे ऊन आणि रंगीत चष्मा

गणपतीपुळ्याची पुळण ज्यांनी वैशाखातल्या दुपारी पाहिली आहे, त्यांस उजेडालाही भार असतो हे निराळे सांगावयास नको. मागे डोंगर, त्याच्या पायथ्याशी देऊळ, पुढे पांढरट वाळूचा रुंद पट्टा, आणि त्यापलीकडे पश्चिमेस क्षितिजापर्यंत उघडा समुद्र. वरून सूर्य, खालून वाळू व समोरून पाणी असा तिहेरी मारा डोळ्यांवर होतो. मनुष्य आपोआप डोळे बारीक करतो, कपाळास आठ्या घालतो, हाताचा आडोसा धरतो. हे सर्व सृष्टिकर्त्यानेच देहात बसवून दिलेले उपाय होत. परंतु त्यांची धाव मर्यादित असल्यामुळे मनुष्याने आपल्या बुद्धीने त्यांत रंगीत चष्म्याची भर घातली.

हल्ली हा चष्मा, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातला गॉगल, सहलीस निघालेल्या प्रत्येक मुलाच्या पिशवीत असतो. तो विकत घेताना बहुधा दोनच गोष्टी पाहिल्या जातात : काच किती काळी आहे, आणि आरशात आपण कसे दिसतो. दुसरीविषयी शिक्षकाने मत न देणेच बरे. पहिलीविषयी मात्र लिहिणे अगत्याचे आहे. कारण जितकी काच काळी तितके डोळे सुरक्षित, ही समजूत सरसकट पसरलेली असून ती खोटी आहे.

ह्या विषयाला आणखी एक निमित्त आहे. कोकणातील मुले आता केवळ समुद्रकाठचीच राहिलेली नाहीत. एन. सी. सी.च्या द्वारे अथवा गिर्यारोहणाच्या शिक्षणक्रमासाठी ती हिमालयात जातात. उत्तरकाशी येथे १९६५ साली स्थापन झालेली नेहरू गिर्यारोहण संस्था आणि गुलमर्ग येथील स्कीइंग शिकविणारी संस्था ही नावे आपल्याकडील घरांतूनही ऐकू येऊ लागली आहेत. १९९८ साली पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले, तेव्हापासून बर्फाचा डोंगर मराठी मुलास परका राहिला नाही. मग पालक विचारतात, 'पुळणीवर वापरलेला गॉगल बर्फावर चालेल काय?' ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी प्रथम उजेडाकडे पाहिले पाहिजे.

आपणांस दिसणारा प्रकाश तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत असतो. जांभळ्याच्याही पलीकडे सूर्याचे असे किरण आहेत की जे डोळ्यास दिसत नाहीत, परंतु डोळ्यावर व कातडीवर त्यांची क्रिया घडते. आमच्या पिढीपूर्वीच्या पुस्तकांत त्यांस जंबुपार किरण म्हणत. आजच्या पाठ्यपुस्तकांत अतिनील किरण म्हणतात. प्रकाशाच्या लहरीची लांबी नॅनोमीटरमध्ये मोजली जाते. ४०० नॅनोमीटरांच्या खाली हे अदृश्य किरण सुरू होतात. चष्म्यावर 'यूव्ही ४००' अशी जी अक्षरे असतात, त्यांचा अर्थ एवढाच की, ४०० नॅनोमीटरांपर्यंतचे हे किरण ही काच अडविते. ती काच काळी आहे की फिकी, ह्याविषयी ती अक्षरे काहीच सांगत नाहीत.

ह्या दोन गोष्टींची फारकत फार पूर्वी सिद्ध झालेली आहे. काचेच्या भट्टीसमोर जन्म घालविणाऱ्या कामगारांस अकाली मोतीबिंदू होत असे. त्यावर उपाय म्हणून सर विल्यम क्रुक्स ह्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने निरनिराळ्या धातूंची संयुगे काचेत मिसळून दीर्घकाळ प्रयोग केले आणि १९१३ च्या सुमारास सेरियमयुक्त काच तयार केली. त्याच्या काचांपैकी काही जवळजवळ रंगहीन होत्या, आणि तरीही त्या जंबुपार किरण अडवीत. उलट नुसत्या रंगाने काळी केलेली एखादी साधी काच दिसणारा उजेड अडवील आणि न दिसणारे किरण खुशाल आत सोडील.

आता अपाय कसा होतो ते पाहा. डोळ्याची बाहुली हे एक आपोआप चालणारे दार आहे. प्रखर उन्हात तिचा व्यास सुमारे २ मिलिमीटर होतो. अंधारात तरुण मनुष्याच्या डोळ्यात तो ८ मिलिमीटरपर्यंत वाढतो. व्यास चौपट म्हणजे दाराचे क्षेत्रफळ सोळापट, हे भूमितीच्या विद्यार्थ्यांस कळेलच. आपण काळी काच लावतो तेव्हा डोळ्यास वाटते की सावली झाली. बाहुली रुंदावते, बारीक केलेल्या पापण्या उघडतात, कपाळावरच्या आठ्या जातात. अशा वेळी काच जंबुपार किरण अडविणारी नसेल, तर रखवालदारास निजवून दार उघडे टाकल्यासारखे होते. लहान मुलांविषयी तर अधिकच जपावयास हवे; त्यांच्या डोळ्यातील भिंग मोठ्या माणसाच्या भिंगापेक्षा अधिक स्वच्छ असल्यामुळे हे किरण आत खोलवर जातात.

चष्मा खरा की खोटा, ह्याची परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेत ढोबळपणे करता येते. भारतीय चलनी नोटेवरील क्रमांक व तिच्या कागदातील बारीक तंतू जंबुपार प्रकाशात चमकतात; बँकेत नोट तपासण्यासाठी अशाच प्रकाशाची बत्ती वापरतात. ती बत्ती नोटेवर धरावी आणि मध्ये चष्म्याची काच आणावी. काच चांगली असेल तर चमक नाहीशी होते. आम्ही आठवीच्या मुलांकडून हा प्रयोग करविला, तेव्हा काही काळ्याकुट्ट काचांमागे नोट चमकत राहिली आणि एका फिकट, जुनाट दिसणाऱ्या चष्म्यामागे ती विझली. मुलांच्या चेहऱ्यांवरचे आश्चर्य त्या दिवशी पाहण्यासारखे होते. मात्र बत्तीच्या तोंडाकडे कोणीही पाहू नये. ज्यांस नेमके मोजमाप हवे असेल त्यांनी चष्म्याच्या चांगल्या दुकानात जावे. तेथे यंत्रावर हे मिनिटभरात कळते. येथे किमतीविषयीही एक शब्द लिहितो. पॉलिकार्बोनेट नावाच्या कठीण प्लास्टिकची काच स्वभावतःच हे किरण बहुतेक सर्व अडविते, आणि ते प्लास्टिक काही दुर्मीळ नव्हे. तेव्हा महाग चष्मा म्हणजे चांगलाच, हीही समजूत पहिल्या समजुतीची धाकटी बहीण आहे.

किनाऱ्यावर जन्म काढणाऱ्या पुष्कळ वृद्धांच्या डोळ्यात नाकाकडच्या कोपऱ्यातून एक मांसल पापुद्रा बुबुळावर सरकत आलेला दिसतो. सुश्रुताने त्यास अर्म म्हटले असून तो कापून काढण्याची रीतही दिली आहे. आजचे डॉक्टर त्यास टेरिजियम म्हणतात. ऊन, वारा व धूळ ह्यांत ज्यांचा दिवस उघड्यावर जातो त्यांस तो अधिक होतो, आणि त्यांत जंबुपार किरणांचा वाटा मोठा आहे. मोतीबिंदूच्या अनेक कारणांपैकीही हे एक कारण आहे. हे रोग वर्षांनुवर्षे हळूहळू साचत जातात, म्हणून तरुणपणी त्यांची भीती वाटत नाही.

एक रोग मात्र सहा ते बारा तासांत येतो. दिवसभर काही जाणवत नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर डोळ्यांत मूठभर वाळू पडल्यासारखे होते, पाणी वाहू लागते, उजेड सोसत नाही आणि पापण्या उघडता येत नाहीत. डोळ्याच्या पुढच्या स्वच्छ पटलाचा वरचा थर किरणांनी भाजल्याचा हा परिणाम. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात नौकांची दुरुस्ती चालते. अशा ठिकाणी वेल्डिंगची ठिणगी उघड्या डोळ्यांनी पाहत उभ्या राहिलेल्या पोरांस त्याच रात्री हाच अनुभव येतो. (वेल्डिंगपुढे कोणताही उन्हाचा गॉगल उपयोगी नाही. त्याची काच निराळी असते, आणि ती ज्याच्यापाशी नसेल त्याने तिकडे पाठ करावी.) बर्फावर हाच रोग होतो तेव्हा त्यास हिमांधत्व म्हणतात. बहुधा एक-दोन दिवसांत पटल भरून येते. तोवर अंधाऱ्या खोलीत राहावे, डोळ्यांवर गार ओली घडी ठेवावी, डोळे चोळू नयेत व डॉक्टरांस दाखवावे. ठणका थांबविणारे बधिरतेचे थेंब स्वतःच्या मनाने घालू नयेत. त्यांनी दुखणे लपते आणि जखम भरून येण्यास उशीर लागतो.

हिमांधत्वाची एक हकीकत आमच्या वाचकांस विशेष जवळची वाटावी अशी आहे. १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेत ४ जून रोजी कर्नल नॉर्टन व डॉक्टर हॉवर्ड सॉमरव्हेल हे दोघे प्राणवायूच्या नळकांड्यांवाचून वर चढले. हे सॉमरव्हेल म्हणजे त्रावणकोरातील नेय्यूर येथे लंडन मिशनच्या रुग्णालयात सेवा करणारे मिशनरी शस्त्रवैद्य. १९२२ ची मोहीम आटोपल्यावर हिंदुस्थान पाहताना तेथील रोग्यांची गर्दी त्यांच्या दृष्टीस पडली आणि त्यांनी आपले आयुष्य त्या कामास वाहिले. घशाच्या विकाराने ते मध्येच थांबले. नॉर्टन एकटे पुढे जाऊन २८,१२६ फुटांपर्यंत पोहोचले. वर चढताना बराच वेळ त्यांनी चष्मा काढून ठेवला होता; भोवती बर्फापेक्षा खडक अधिक असल्याने त्यांस त्याची गरज भासली नाही. खाली तंबूत आल्यावर त्या रात्री त्यांची दृष्टी गेली, आणि ती परत येण्यास दोन दिवसांहून अधिक काळ लागला. ६ जून रोजी मॅलरी व अर्विन आपल्या शेवटच्या चढाईस निघाले, तेव्हा मोहिमेचा हा नायक त्यांस डोळ्यांनी निरोप देऊ शकला नाही. ते दोघे पुन्हा परत आले नाहीत.

एवढ्या अनुभवी मनुष्याची अशी दशा का व्हावी? आकडे पाहिले म्हणजे कळते. कोरडी वाळू आपल्यावर पडलेल्या जंबुपार किरणांपैकी शेकडा १५ च्या आसपास परत फेकते. फुटलेल्या लाटेचा फेस शेकडा २५ च्या आसपास. ताजे बर्फ शेकडा ८० पर्यंत! त्यात उंचीची भर पडते. दर १,००० मीटरांस हे किरण शेकडा १० च्या मानाने वाढतात, कारण त्यांस गाळणारी हवा तेथे विरळ होत जाते. गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटरांवर आहे आणि तेथून पाळण्यात बसून त्याहूनही हजार मीटरांवर वर जाता येते. ढगांवरही भिस्त ठेवू नये. पातळ ढगांतून हे किरण बहुतांशी पार होतात. ऊन नाही म्हणून चष्मा काढणारा मनुष्यच पुष्कळदा फसतो.

उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांपाशी काच नव्हती. ते हाड, हस्तिदंत अथवा लाकूड कोरून पट्टी करीत, तिला डोळ्यांपुढे एक अगदी अरुंद आडवी फट ठेवीत आणि ती डोक्याला बांधीत. तेवढ्या फटीतून वाट दिसते, आणि वरचा आकाशाचा व खालचा बर्फाचा उजेड बाहेर राहतो. आजच्या कारागिराने तिच्यात सुधारणा पुष्कळ केली, पण कल्पना हीच.

किरण अडविणे ही पहिली अट झाली. ती पुरी झाल्यावर मग काच किती काळी, हा प्रश्न विचारावा. आणि त्याचे उत्तर हवेप्रमाणे बदलते. भर उन्हात मोकळ्या जागी १ लाख लक्सच्या आसपास उजेड असतो. आषाढातल्या काळोख्या दिवशी तो काही हजारांवर येतो. घरात दिव्याखाली काही शेकड्यांवर. एकच काच ह्या सर्वांस कशी पुरेल? म्हणून चष्म्यांचे ० ते ४ असे वर्ग पाडलेले असून चांगल्या चष्म्याच्या काडीच्या आतल्या बाजूस तो अंक बारीक अक्षरांत छापलेला असतो. शून्य वर्गाची काच दिसणाऱ्या उजेडापैकी शेकडा ८० हून अधिक आत सोडते. पहिल्या वर्गाची ४३ ते ८०, दुसऱ्याची १८ ते ४३, तिसऱ्याची ८ ते १८, आणि चौथ्याची केवळ ३ ते ८.

गणपतीपुळ्याच्या पुळणीवर फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत तिसरा वर्ग योग्य. मे महिन्याच्या आरंभीच्या दिवसांत तर मध्यान्हीचा सूर्य येथे बरोबर माथ्यावर येतो आणि माडाची सावली माडाच्याच बुंध्याशी गोळा होते. परंतु एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही : सूर्य माथ्यावर असता भुवया व कपाळ डोळ्यांवर छाया धरतात, सकाळी नवाच्या व दुपारी तीनच्या सुमारास मात्र तिरपे किरण सरळ डोळ्यांत शिरतात. तेव्हा चष्मा फक्त बाराच्या उन्हासाठी, असे समजू नये. मळभ आलेल्या दिवशी, अथवा सुरूच्या बनात, दुसरा वर्ग पुरे. पावसाळ्यात पहिला, किंवा काहीच नाही. चौथा वर्ग हा उंच बर्फासाठी व हिमनद्यांसाठी आहे. तो लावून वाहन हाकण्यास मनाई आहे, आणि हा इशारा त्या चष्म्यासोबत चित्राने दिलेला असतो. आमच्या तरुणांनी तो चौथा वर्ग केवळ ऐटीखातर डोळ्यांवर चढवून दुचाकीवरून आरे-वारेच्या वळणांनी जाऊ नये. झाडीच्या गर्द सावलीत शिरताच क्षणभर काहीच दिसत नाही, आणि वळणावर तो क्षण फार लांब असतो.

बर्फावर स्कीइंग करणाराची अडचण आणखी निराळी. पायांस लांब पट्ट्या बांधून तो वेगाने उतारावरून घसरत असतो, आणि डोंगरावरची हवा तासाभरात पालटते. स्वच्छ उन्हात त्याला तिसऱ्या वर्गाची, फार उंचावर चौथ्या वर्गाची काच हवी. ढग आले की दुसऱ्या. बर्फ पडू लागले अथवा धुके उतरले की पहिल्या. म्हणून चांगल्या गॉगलची काच काढून दुसरी बसविता येते, आणि शहाणा मनुष्य फिकी काच खिशात बाळगतो. ज्याला एकच घेणे शक्य असेल त्याने अतिकाळी न घेता दुसऱ्या वर्गाच्या गडद टोकाची घ्यावी, असे मला वाटते. अति उजेडात डोळे थोडे बारीक करता येतात, पण काळ्या काचेमागे नसलेला उजेड आणता येत नाही.

रंगाची गोष्ट येथेच येते, आणि ती सर्वांत मनोरंजक आहे. आंबा घाटात पावसाळी धुक्यातून ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांस ठाऊक आहे की धुक्यात अंधार नसतो, उजेड पुष्कळ असतो. नाहीशी होते ती सावली. उजेड सर्व बाजूंनी सारखाच येऊ लागला म्हणजे खाचखळगा व उंचवटा ह्यांतील भेद पुसला जातो. डोंगरावर हेच घडते तेव्हा आकाश व उतार एकच पांढरा पडदा होतात, आणि घसरणाऱ्यास पुढला खड्डा तो खड्ड्यात गेल्यावरच कळतो. अशा वेळी पिवळी, नारिंगी अथवा गुलाबी काच उपयोगी पडते. ती उजेड वाढविते असे पुष्कळांस भासते, परंतु कोणतीही काच उजेड वाढवीत नाही. ती निळा भाग कमी करते. बर्फावरील अस्पष्ट छाया निळसर असतात; निळा भाग गाळला की त्या अधिक काळ्या दिसतात व उतारावरचे चढउतार पुन्हा उमटू लागतात. तपकिरी काच हेच काम उन्हात करते. करडी काच सर्व रंग सारख्याच प्रमाणात मंद करते, म्हणून ज्यांस रंग खरे दिसावयास हवेत, जसे वाहनचालक, चित्रकार किंवा बाजारात मासळी निवडणारी गृहिणी, त्यांस ती बरी. गडद निळी वा जांभळी काच केवळ शोभेची. रात्री गाडी चालविण्यासाठी म्हणून जो पिवळा चष्मा विकतात, त्याने रात्री अधिक दिसते असे प्रयोगांत आढळलेले नाही. रात्री मुळातच अपुऱ्या असलेल्या उजेडातून तो थोडा आणखी काढून घेतो इतकेच.

आता पाण्याच्या चकाकीकडे वळू. समुद्रावर सूर्याकडून आपल्या पायांपर्यंत येणारा तो लखलखीत पट्टा नुसत्या काळ्या काचेने मंद होतो, पण जात नाही. त्याखालचे पाणी दिसतच नाही. १८०८ साली पॅरिसमध्ये मालूस नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तन पावलेला सूर्यप्रकाश एका स्फटिकातून पाहिला, आणि स्फटिक फिरविताच तो कमीजास्त होताना त्यास आढळला. परावर्तनाने प्रकाशलहरींचे कंपन एका ठराविक पातळीत येते, हा त्याचा अर्थ. अशा प्रकाशास ध्रुवित प्रकाश म्हणतात. किती अंशांच्या कोनात हे पूर्णत्वाने घडते त्याचा नियम १८१५ मध्ये ब्रूस्टरने सांगितला. पाण्यासाठी तो कोन लंबापासून सुमारे ५३ अंश आहे. आडव्या कंपनाचा प्रकाश अडवून उभ्या कंपनाचा तेवढा आत घेणारी पातळ पत्री एडविन लँड ह्या तरुण अमेरिकनाने १९२९ च्या सुमारास तयार केली, आणि पुढील दशकात ती चष्म्यांत आली.

ह्या नियमाचा पडताळा गणपतीपुळ्यास घेण्याजोगा आहे. सूर्य क्षितिजापासून सुमारे ३७ अंशांवर असता त्याची समुद्रावरील चकाकी सर्वांत अधिक ध्रुवित असते. आपल्या अक्षांशावर ही वेळ डिसेंबरात दुपारी तीनच्या, मार्चात चारच्या, आणि मे महिन्यात सव्वाचारच्या सुमारास येते. त्या वेळी ध्रुवित काचेतून पाहावे, मग मान एका खांद्याकडे कलवून पाहावे. विझलेली चकाकी पुन्हा पेट घेते. लाटांमुळे ती अगदी पूर्ण विझत नाही, पण फरक स्पष्ट दिसतो. खाडीच्या उथळ पाण्यात पाग टाकणाऱ्यास ह्या काचेने पाण्याखालचा मासा दिसतो. पुळणीवरील जीवरक्षकास तर तिचा उपयोग त्याहून मोठा. येथील समुद्र दगाबाज आहे आणि पर्यटकांची गर्दी दुपार कलल्यावर वाढते, म्हणजे नेमकी ज्या दिशेस चकाकी त्याच दिशेस माणसांची डोकी. चकाकीच्या पट्ट्यात हरवलेले एक डोके वेळेवर दिसणे म्हणजे काय, हे किनाऱ्यावर राहणाऱ्यांस सांगणे नको. सूर्य अगदी बुडावयास आला म्हणजे मात्र ध्रुवीकरण उणावते व ही काचही थोडीच मदत करते.

काच खरोखर ध्रुवित आहे की नाही, हे ओळखण्यास तसेच दोन चष्मे घ्यावे, एकाची काच दुसऱ्यासमोर धरून काटकोनात फिरवावी. दोन्ही खऱ्या असतील तर पलीकडे जवळजवळ काळोख होतो. भ्रमणध्वनीच्या पडद्यासमोर फिरविल्यासही बहुधा असेच दिसते. मात्र ध्रुवित असणे आणि जंबुपार किरण अडविणे हेही दोन निराळे गुण होत. दोन्हींची खात्री करून घ्यावी. शिवाय बर्फावर ह्या काचेचे मत थोडे बदलते. उतारावर गोठलेल्या निसरड्या बर्फाची चमक हाच घसरणाऱ्यास इशारा असतो. ध्रुवित काच ती चमक विझविते. म्हणून मोटारीत व होडीत ती उत्तम, आणि कठीण बर्फाच्या उतारावर पुष्कळ अनुभवी लोक ती टाळतात.

उन्हात आपोआप काळी होणारी काच सोयीची आहे, परंतु तिचे दोन स्वभाव जाणून असावे. ती जंबुपार किरणांनीच काळी होते. मोटारीची पुढची काच ते किरण अडवीत असल्याने आत ती फिकीच राहते. आणि उष्म्यात ती थंडीइतकी काळी होत नाही. म्हणजे गुलमर्गास ती जितकी खुलते तितकी गणपतीपुळ्याच्या मे महिन्यात खुलत नाही.

आता मूळ प्रश्न. पुळणीवरचा गॉगल बर्फावर चालेल काय? गावात फिरण्यापुरता चालेल; घसरण्यास चालणार नाही. त्याच्या बाजू उघड्या असतात, आणि बर्फावर उजेड खालून व बाजूंनी येतो. स्कीच्या गॉगलला चेहऱ्याला बिलगणारी मऊ कड असते, शिरस्त्राणावरून बसणारा पट्टा असतो, आणि काच दुहेरी असते. दोन काचांमधील हवेमुळे आतली काच फार थंड होत नाही व श्वासाची वाफ तिच्यावर साचत नाही. वरखाली वारा खेळण्यास छिद्रे असतात. ती टोपीने बुजवू नयेत. ज्यांस नंबरचा चष्मा आहे त्यांच्यासाठी चष्म्यावरून घालण्याजोगे रुंद गॉगल मिळतात. मुलाने घेतेवेळी शिरस्त्राण बरोबर न्यावे. कपाळावर दोहोंमध्ये फट राहिली तर थंडी व ऊन दोन्ही तेथूनच शिरतात. पुळणीवर ह्या सर्वांच्या जागी रुंद काठाची टोपी घालावी. डोळ्यांत जाणाऱ्या जंबुपार किरणांपैकी सुमारे निम्मे एकटी तीच अडविते, आणि आपल्या आजोबांची छत्रीही ह्या कामी उपयोगी पडते.

ह्यांपैकी कोणत्याही काचेतून सूर्याकडे पाहू नये. २६ डिसेंबर २०१९ रोजी सकाळी कोकणातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसले; अशा वेळी काही जण दोन-दोन गॉगल एकावर एक चढवून वर पाहतात. चौथ्या वर्गाची काचही सूर्याच्या बिंबापुढे काहीच नव्हे. डोळ्याच्या आतल्या पडद्यास वेदना नसते, म्हणून तो भाजताना कळत नाही, आणि भाजलेला भाग बहुधा पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. ग्रहणाचे चष्मे निराळे असतात, त्यांतून सूर्याखेरीज दुसरे काहीच दिसत नाही.

चष्मा घेतल्यावर तो जपण्याची रीतही सोपी आहे. समुद्रकाठाहून परत आल्यावर काच कोरड्या रुमालाने पुसू नये; वाळूचे कण व मिठाचे बारीक स्फटिक तिच्यावर ओरखडे काढतात. आधी गोड्या पाण्याच्या धारेखाली धरावी, मग मऊ सुती कापडाने टिपावी. बंद मोटारीच्या पुढच्या फळीवर उन्हात ठेवू नये, तेथील उष्णतेने काचेवरील लेप सुटतो. स्कीच्या गॉगलची आतली बाजू मात्र चोळून पुसूच नये. वाफ न धरणारा लेप तेथेच असतो, आणि ओला झालेला असता तो सहज निघून येतो. बर्फ आत गेले तर गॉगल झटकावा आणि रात्री खोलीत काच खाली करून, शेगडीपासून दूर, सुकत ठेवावा.